भावजींचा वाटा

शिमग्याच्या आधीच्या रविवारी गावदेवीच्या देवळात गावकी बसली आणि येसाजीचं घर अर्धं ठरलं.

तसं ते ठरवायला कुणी बसलं नव्हतं. बैठक पारधीची होती. आंबेटेंभी हे खालापूरच्या बाजूचं, डोंगराला टेकून बसलेलं गाव. पूर्वी शिमगा झाला की दुसऱ्या दिवशी सगळं गाव ढोल, काठ्या आणि कुत्री घेऊन टेंभीवर चढायचं आणि डुक्कर मारून उतरायचं. पुढे कायदा आला, जंगलखात्याची माणसं येऊन समजावून गेली आणि गावाने डुक्कर सोडून दिलं. पारध मात्र सोडली नाही. आता डुकराच्या जागी कोहळा असतो. त्याला कुंकू लावायचं, टेंभीच्या डोक्यावरून खाली सोडायचा आणि आरडाओरडा करत त्याच्या मागे धावायचं. तो जिथे थांबेल तिथे त्याला काठी लावायची, वाजतगाजत देवळात आणायचा आणि देवीसमोर फोडायचा. मग कर्जतच्या बाजारातून आणलेलं बोकड पडतं आणि त्याचे वाटे होतात. बोकड विकतचं असलं तरी त्या दिवशी त्याला डुक्करच म्हणायचं. कुणी चुकून बोकड म्हणालं तर देवीला नारळ द्यावा लागतो.

वाटे घरागणिक होतात. भरल्या घराला पुरा वाटा, एकट्या माणसाच्या घराला अर्धा. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

सहदेव हा गावकीचा म्होरक्या. ढोल कुणी धरायचा, बोकड कुणाच्या टेंपोतून आणायचं हे सांगून झाल्यावर तो जरा खाकरला आणि म्हणाला, "आन् औंदा येसाजीचा अर्धा."

येसाजी मागे खांबाला टेकून बसला होता. आजवर गावकीत तो बोलला नव्हता. जे बोलायचं ते घरी त्याची बायको सोनाबाई बोलायची आणि ते देवळापर्यंत ऐकू यायचं.

"अर्धा कसा?" त्याने विचारलं.

"अरं, वहिनी गेली ना," सहदेव मऊ आवाजात म्हणाला. "घरात एक मानूस, अर्धा वाटा. नियमच हाय."

"एक नाय. आमी दोघं हाव."

"माधवी आली का ऱ्हायला?" माधवी म्हणजे येसाजीची लेक, कुंभिवलीला दिलेली.

"माधवी तिच्या घरी. माझ्याकडं भावजी हायत."

भावजी देवळाच्या पायरीवर बसले होते. आपलं नाव ऐकून त्यांनी मान वळवली आणि भुवयांच्या खालून गावकीकडे पाहिलं.

भावजी हा कुत्रा होता. विलायती शिकारी जातीचा, ग्रिफॉन म्हणतात तो. अंगावरचा केस काथ्यासारखा राठ, रंग राखेचा, हनुवटीला दाढी, वर झुबकेदार मिशा आणि डोळ्यांवर उतरलेल्या भुवया. गावाबाहेरच्या फार्महाऊसवर सोनाबाई कामाला जायची, तिथला तो. शेठ-शेठाणी परदेशी गेली तेव्हा "दोन महिने सांभाळ" म्हणून तिच्या हवाली करून गेली आणि पुढे त्यांचा फोन लागेनासा झाला. कुत्रा घरी आला त्या दिवशी सोनाबाईने त्याला उंबऱ्यात पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. येसाजीचा थोरला भाऊ नामा असाच दिसायचा. तशीच दाढी, तशाच भुवया, आणि जेवण वाढायला उशीर झाला की तस्संच बघणं. नामा वारल्याला बरीच वर्षं झाली होती. "या भावजी, बसा," सोनाबाई म्हणाली आणि ते नाव पक्कं झालं. शेठाणीने ठेवलेलं नाव काय होतं ते आता भावजींच्याही लक्षात नसेल. गावात त्यांना कुणी एकेरीत हाक मारत नसे. धाकट्या सुना तर त्यांच्यासमोरून जाताना जरा बाजूने जायच्या.

"येसादादा," दशरथ म्हणाला, "तो कुत्रा हाय." दशरथ टेंपो चालवायचा, बोकड कापायचा आणि वाटे पुकारायचा.

"मग? मी कुटं म्हनलो म्हैस हाय?"

आता मात्र देऊळ हसलं. येसाजी हसला नाही. "पारधीत कुत्र्याला वाटा होता का नव्हता, सांगा," तो म्हणाला.

उत्तर बायकांच्या बाजूने आलं. गोदाकाकू येसाजीची शेजारीण. नवरा गेल्यापासून दर शिमग्याला अर्धा वाटा घेऊन मुकाट्याने घरी जाणारी. "व्हता," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या वाघ्याला व्हता. कुत्र्याचा अर्धा."

"झालं तर," येसाजी म्हणाला. "माझा अर्धा, त्यांचा अर्धा. पुरा झाला."

"वाघ्या डुक्कर धरायचा," दशरथ म्हणाला. "ह्ये भावजी काय धरतात? परवा कोंबडी यांच्या पाठीवर चढून बसली व्हती, तरी हाललं नाय."

"कोंबडी पावनी व्हती."

सहदेवने दोन्ही हात वर केले. त्याला घरी जाऊन जेवायचं होतं. "हे बगा, भावजींनी पारधीत कोहळा धरला तर कुत्र्याचा वाटा. नाय धरला तर येसाजी, तू काय बोलायचं नाय."

"नाय बोलनार," येसाजी म्हणाला.

मटणाचं त्याला काही पडलं नव्हतं. सोनाबाई गेल्यापासून त्याच्या चुलीवर भाकरी आणि सुकट यापलीकडे काही शिजलं नव्हतं. पण वाटे पुकारताना दशरथचा आवाज खालच्या आळीपर्यंत जातो. लग्न झाल्यापासून दर शिमग्याला येसाजीने "येसाजीचं घर, पुरा!" एवढंच ऐकलं होतं. अख्ख्या गावासमोर आपल्या घराला अर्धं म्हटलेलं त्याला ऐकायचं नव्हतं. बाकी त्याचं काही मागणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गोदाकाकूकडून एक कोहळा मागून घेऊन आला.

"भाजी करायची का रं?" तिने विचारलं.

"नाय. शिकवायचाय."

"कोहळ्याला?"

"भावजींना गं."

अंगणात त्याने कोहळा ठेवला, भावजींना समोर बसवलं आणि कोहळा ढकलला. कोहळा गडगडत गोठ्यापर्यंत गेला. भावजींनी तो जाताना पाहिला. मग त्यांनी येसाजीकडे पाहिलं. "धरा," येसाजी म्हणाला. भावजी बसूनच होते. शेवटी येसाजी स्वतः धावला आणि कोहळा घेऊन आला. परत ढकलला, परत धावला. थोड्या वेळाने भावजींना खेळ समजला. कोहळा गडगडला की ते येसाजीकडे बघायचे, म्हणजे आता तू पळ. येसाजी हाशहुश करत परत आला की ते शेपटी हलवायचे.

गोदाकाकू ओटीवर बसून बघत होती. "येसाजी, बरं धावतोस रं. औंदा तूच धर कोहळा, वाटा त्यांच्या नावावर लाव."

मग येसाजीने सुकट काढली. कोहळा दाखवायचा, "कोहळा!" म्हणायचं आणि चिमूटभर सुकट द्यायची. सुकटीची बरणी स्वयंपाकघरात कोपऱ्यात असायची, म्हणून दर वेळी दोघं आत जायचे. बरणीच्या वर शिंकं टांगलेलं होतं. शिंक्यात सोनाबाईचा कोहळा होता. गोठ्यावर चढवलेल्या तिच्या वेलाचा तो शेवटचा. तिने राखेने पुसून, देठाला चुन्याची फुली करून तो टांगला होता आणि नंतर आठवड्याभरात ती तापाने गेली. येसाजीने त्याला हात लावला नव्हता. सरावाला घरात कोहळा असताना शेजारी का मागायला गेलो, हे त्याने गोदाकाकूला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

पारधीच्या आदल्या दिवशी माधवीचा फोन आला. गावातली बातमी कुंभिवलीला आधीच पोचली होती.

"बाबा, तुमी कुत्र्याला कोहळ्याची शिकार शिकवताय?"

"कोन म्हनलं?"

"सगळे म्हनतात. माझी सासू विचारत व्हती, वडलांची तब्येत बरी हाय ना."

"तब्येत चांगली हाय. रोज धावनं व्हतंय."

माधवी म्हणाली, "निदान त्यांचे केस तरी कापून आना. कर्जतला मशीननं कापतात. लोकांत जायचंय तर नीट दिसतील."

"कात्री नाय लावायची. तुझ्या आईनं सांगितलंय. कापला की केस मऊ व्हतो, मग पावसाचं पानी आत जातं."

"मग?"

"उपटायचा."

ते काम तो त्याच दुपारी घेऊन बसला. राठ केसाच्या कुत्र्याचा मेलेला केस आपणहून गळत नाही. अंगठा आणि बोटात थोडे थोडे केस धरून, वाढीच्या दिशेने ओढून काढावे लागतात. पिकलेला केस लगेच हातात येतो, कच्चा येत नाही. शेठाणीने हे सोनाबाईला शिकवलं होतं. सोनाबाई म्हणायची, यात शिकायचं काय, भाताची रोपं उपटतो तसंच. ती गोठ्याच्या सावलीत बसून दिवसभर उपटायची आणि भावजी डोळे मिटून उभे राहायचे. निघालेला केस ती टाकत नसे. तिने त्याची उशी करायला घेतली होती. उशी निम्मी भरून राहिली होती. येसाजीने त्या दिवशी निघालेला केसही त्या उशीतच भरला. पाठ झाली, मांड्या झाल्या. कानांच्या आतून ओल्या फडक्याने पुसलं, पंज्यांमधली कुसळं काढली, शेवटी दाढी धुतली. भावजींची दाढी रोज धुवावी लागे, कारण जेवणातलं निम्मं दाढीतच राहायचं. नामाचंही तसंच होतं, पण त्याची दाढी धुवायला कुणी गेलं नव्हतं.

"उद्या घराचं नाव राखा," येसाजी म्हणाला. भावजींनी अंग झटकलं आणि येसाजीला भिजवलं.

पारधीच्या दिवशी गाव टेंभीवर चढलं. सहदेवने कोहळ्याला कुंकू लावलं आणि हात जोडले. ढोल वाजला. "सुटला रं सुटला!" म्हणत कोहळा सोडला गेला आणि गाव काठ्या घेऊन उतारावर सुटलं.

भावजी वरच बसून राहिले. त्यांनी कोहळा जाताना पाहिला आणि मग मान वळवून येसाजीकडे पाहिलं.

"भावजी, धावा!" येसाजी ओरडला. "अवो, मी नाय, तुमी!"

खालून हशा आला. पण तो फार वेळ टिकला नाही. कोहळा एका कातळावर आपटला, न फुटता उंच उडाला आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीत गेला. गाव जाळीपाशी पोचलं तर जाळीत कोहळा नाही. जाळीखाली ओघळ होती. गडी ओघळीत उतरले, काट्यांनी ओरबाडले गेले, पण कोहळा काही दिसला नाही.

ऊन चढलं. देवळामागे बोकड बांधलेलं होतं. कोहळा देवीपुढे आल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. कांदा-खोबरं भाजून बायका वाट बघत होत्या. "दुसरा आना कोनाच्या घरातनं," कुणीतरी म्हणालं. सहदेव त्याच्यावर खेकसला, "म्हंजे सुटलेलं डुक्कर रानात, आन् आपन भलतंच मारायचं? उद्या म्हनशील बोकडपन दुसरा आना!"

"नारळ!" तिघं-चौघं एकदम ओरडले. सहदेवच्या तोंडून बोकड शब्द गेला होता. त्याने नारळ कबूल केला आणि आणखी चिडला.

मग दशरथच म्हणाला, "येसादादा, तुजे भावजी वास काढनारे हायत ना? काढू दे की."

येसाजी भावजींना घेऊन कातळापाशी आला. कोहळा आपटला होता तिथे कुंकवाचा डाग होता. येसाजीने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "भावजी. कोहळा!"

भावजींनी डाग हुंगला. त्यांचे कान उभे राहिले. नाक जमिनीला लावून ते निघाले.

"लागला! वास लागला!" गाव मागे निघालं. ढोलवाल्याने ढोल उचलला. भावजी जाळीकडे गेलेच नाहीत. ते सरळ टेंभी उतरले, ओहोळ ओलांडला, खालच्या आळीत शिरले. सगळं गाव काठ्या उगारून मागे. "हिकडं कसा येईल कोहळा?" एकाने विचारलं. "पळालेलं डुक्कर कुटंबी जातं," सहदेव म्हणाला. देऊळ मागे पडलं, पिठाची गिरणी मागे पडली. भावजी येसाजीच्या अंगणात शिरले, ओटीवर चढले, घरात गेले. गावकीतले जेवढे मावले तेवढे मागोमाग आत घुसले.

स्वयंपाकघरात भावजी सुकटीच्या बरणीपाशी बसले होते. येसाजीला आपली चूक कळली. "कोहळा" म्हटलं की या कोपऱ्यात सुकट मिळते, एवढंच भावजी शिकले होते. तो तोंड उघडून ते सांगणार, तेवढ्यात भावजींनी मान वर केली. नाकाच्या रेषेत शिंकं होतं. त्यांनी एकदा शिंक्याकडे हुंगलं आणि ते ओरडले. लांब, खोल, पोटातून आलेला आवाज. फळीवरची भांडी थरथरली. सोनाबाई गेल्यापासून भावजींचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"कोहळाच हाय," दशरथ हळू म्हणाला.

"धरला की रं," सहदेव म्हणाला. "घरात येऊन लपला व्हता, पन धरला. येसाजी, कुत्र्याचा वाटा तुला लागू. पुरं घर तुजं. काढ तो कोहळा, फोडू दे, लोक उपाशी हायत."

येसाजी शिंक्याखाली जाऊन उभा राहिला. त्याने हात वर केला, कोहळ्याच्या बुडाला तळवा लावला. वर चुन्याची फुली होती, जरा वाकडी. हात तसाच ठेवून तो वळला.

"अर्धाच द्या," तो म्हणाला.

"काय?"

"अर्धा वाटा द्या. ह्यो फोडायचा नाय."

"अरं, त्यासाठीच तर भांडलास!"

"भांडलो. आता नको. अर्धं म्हना, काय म्हनायचं ते म्हना. ह्यो तिचा हाय."

बाहेर ढोलवाल्याला आतलं माहीत नसल्यामुळे तो वाजवतच होता. सहदेवने कपाळाचा घाम पुसला. शिकार समोर लटकत होती, तिला हात लावता येत नव्हता, तिकडे भाजलेला कांदा गार होत होता.

वाट काढली ती दारातून डोकावणाऱ्या गोदाकाकूने. "जंगलखात्याचा मानूस काय सांगून गेला व्हता रं, सहदेव?"

"जनावर मारायचं नाय."

"मग? धरला ना? बास. देवीला दाखवा आन् सोडून द्या. इतकी वर्सं कोहळे फोडताय, म्हंजे जनावरच मारताय की. एकदा तरी कायद्यानं पारध करा."

सहदेवने यावर विचार केला. पोटात भूक असल्यामुळे तो विचार लवकर झाला.

शिंकं तसंच्या तसं काढून काठीला बांधलं. पुढे ढोल, मागे येसाजी, बाजूला भावजी. एक खांदा येसाजीने दिला, दुसरा दशरथने. देवळात कोहळा देवीला दाखवला, सहदेवने मोठ्याने सांगितलं, "औंदाचं डुक्कर जित्तं धरलं आन् सोडलं." मग तीच मिरवणूक उलटी फिरली. येसाजीने कोहळा पुन्हा स्वयंपाकघरात टांगला. सोडला म्हणजे कुठे सोडला, असं कुणीतरी विचारलं. "जितनं धरला तितं," दशरथ म्हणाला आणि सुरी घ्यायला गेला.

दुपार कलल्यावर वाटे झाले. पळसाच्या पानांवर रांगेने मांडले गेले आणि दशरथ पुकारायला लागला. येसाजीने डोळे मिटून घेतले होते.

"येसाजीचं घर..." दशरथ जरासा थांबला. "पुरा!"

येसाजी पुढे झाला. पान दोन्ही हातांनी घेतलं. आजवर ते घ्यायला दोघं यायची, आजही दोघं आली होती. दशरथने भावजींना मान लववली. पुढे तो म्हणायचा की सुरी शोधत होतो.

"गोदाकाकूचं घर, अर्..."

"थांब," गोदाकाकू उठून उभी राहिली. "रोज दुपारचा माझ्या ओटीवर झोपतो तो कोन?"

"कोन?"

"भावजी. ईचार येसाजीला. दिवस माझ्याकडं, रात त्याच्याकडं. मग माझं घर एकट्याचं कसं?"

गाव सहदेवकडे बघायला लागलं. सहदेव येसाजीकडे बघायला लागला.

"झोपतात," येसाजी म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

"गोदाकाकूचा पन पुरा," सहदेव म्हणाला. "आन् आता कोनी तोंड उगडलं तर त्याचा वाटा भावजींना."

घरी येऊन येसाजीने पुष्कळ दिवसांनी कालवण केलं. जरा खारट झालं. तो थोडं जेवला, बाकीचं भावजी जेवले. मग त्याने दाढी धुवायला पाणी घेतलं. रस्सा दाढीत खोल गेला होता, दोनदा धुवावी लागली. मान जरा राहिली होती ती उपटून काढली आणि केस उशीत भरले. उशी दाबून पाहिली. अजून बरीच जागा होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शेजारच्या ओटीवरून हाक आली, "भावजी, या की!"

भावजी उंबऱ्यात पडले होते. त्यांनी एक भुवई उचलली. येसाजीने त्यांच्या पाठीवर हात मारला, राठ केस तळव्याला टोचले.

"जा," तो म्हणाला. "आता तितं पन मोजलंय तुमाला."

भावजी उठले, अंग ताणलं आणि सावकाश गोदाकाकूच्या ओटीकडे चालू लागले. येसाजी आत गेला, शिंक्याकडे एकदा पाहिलं, आणि सुकटीच्या बरणीचं झाकण नीट लावलं.